मशीन सुरू झालं तो मंगळवार

मिरजेच्या एका रुग्णालयात मी डायलिसिस टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा पहिले काही महिने मला मशीनपेक्षा एका पेशंटची जास्त धास्ती वाटायची. मंगळवार आणि शुक्रवार, खिडकीजवळची कॉट. बाई माण तालुक्यातून यायच्या. पंचेचाळिशीच्या, काटक, हनुवटीवर हिरवं गोंदण. घरी शेळ्या, नवरा मुंबईत माथाडी. पहाटेची एसटी धरायची, विट्याला गाडी बदलायची, मिरजेत चार तास मशीनवर पडून राहायचं आणि पुन्हा तोच रस्ता. सोबत कधी कुणी नसायचं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून मीही.

धास्ती त्यांच्या प्रश्नांची. बाकीचे पेशंट झोपायचे, मोबाइल बघायचे. मावशी माझ्या हातांकडे बघायच्या. कुठली नळी कुठं लावते, कुठलं बटण दाबते, सगळं. एक दिवस म्हणाल्या, "पोरी, रगात भाईर काढता, नळीतनं फिरवता, आन् परत माज्याच आंगात घालता. मग काढता कशाला?"

"शुद्ध करायला, मावशी."

"त्ये डाक्टर बी म्हणत्यात. कसं हुतं त्ये सांग."

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, पण ते मावशींच्या कामाचं नव्हतं. मग कपाटात मुदत संपलेला एक डायलायझर पडला होता, तो आणून त्यांच्या हातात दिला. हातभर लांबसुद्धा नसतो तो, पारदर्शक प्लास्टिकची नळकांडी. आत केसाएवढ्या पोकळ नळ्या, हजारोंनी. म्हटलं, "तुमचं रक्त या बारीक नळ्यांच्या आतून जातं. बाहेरून मशीन पाणी फिरवतं, उलट्या दिशेनं. साधं पाणी नाही, मीठ-बीठ मोजून घातलेलं. नळ्यांना इतकी बारीक छिद्रं आहेत की रक्ताचा कण बाहेर पडू शकत नाही. पण किडनीनं जी घाण लघवीतून टाकायची, ती त्या छिद्रांतून पाण्यात उतरते. आणि अंगात साठलेलं जादा पाणी मशीन ओढून घेतं."

मावशींनी तो डायलायझर उजेडात धरून बराच वेळ फिरवला. "म्हंजी घाण पान्याला, आन् रगात माजं मला."

"बरोबर!"

"मग ह्ये पानी लागतं तरी किती?"

"एका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास. आणि तेवढं शुद्ध पाणी काढायला जवळपास दुप्पट."

त्या मग अशा हसल्या की शेजारच्या कॉटवरचे आजोबा जागे झाले. "सव्वाशे लिटर! आन् मला म्हणता दिसाला दोन तांबं बी पिऊ नगा!"

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. त्यांच्या डाव्या हातावर फिस्तुला होता. म्हणजे ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली, त्यामुळं शीर फुगून जाड होते, तिच्यात जोराचं रक्त येतं आणि त्यात सुया घालता येतात. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थरथर असली म्हणजे फिस्तुला चालू आहे. मावशी आल्या आल्या हात पुढं करायच्या. "बग, चालतोय का माजा डायनामो." आणि जाताना दर वेळी एकच वाक्य: "आमच्या हितं कवा काढताय मशीन?"

मी म्हणायची, "काढतील कधीतरी."

आणि खरंच काढलं! त्यांच्याच गावात एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय होतं, त्यांना दोन मशीन देणगीत मिळाली. साताऱ्याचे किडनीचे डॉक्टर तिथं येऊन बघायला तयार झाले. अडलं होतं टेक्निशियनवाचून. मिरज सोडून माणात जायला कुणी तयार नव्हतं. मी एका दुपारी, डबा खाता खाता, अर्ज भरून टाकला.

फलटणला घरी सांगितलं तर वडील कालव्यावरून नुकते आले होते, पाय धूत होते. धुता धुता थांबले. "कुठं? माणात? अगं, तिथली माणसं पाण्यासाठी हिकडं येतात आणि तू तिकडं निघालीस?"

"मशीन आहे तिथं, दादा. दोन. आणि दोन्ही माझ्या ताब्यात."

"आणि मशीनला पाणी?"

हाच प्रश्न पुढं सगळ्यात मोठा ठरणार आहे हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? मी फक्त 'माझ्या ताब्यात' एवढ्याच शब्दांवर तरंगत होते.

मे महिन्यात मी रुजू झाले. मशीनची खोली सुरेख केली होती, पांढऱ्या फरशा, दोन नव्या कॉट. पण माझा जीव अडकला मागच्या पाण्याच्या खोलीत. छतावर पाच हजार लिटरची टाकी, गावचा टँकर ती भरायचा. तिथून पाणी खाली यायचं. आधी वाळूची टाकी गाळ धरते. मग कार्बनची टाकी, तीत कोळशाचे दाणे, ते क्लोरीन शोषतात. मग सॉफ्टनर, तो पाण्यातला क्षार काढतो, त्याला मिठाचं पाणी पाजून ताजंतवानं ठेवावं लागतं. आणि शेवटी आरओ, तो उरलंसुरलं सगळं बारीक गाळून शुद्ध पाणी आपल्या टाकीत सोडतो. माणसानं पिण्याचं पाणी पोटात जातं, पोट त्यातलं बरंच सोसतं. डायलिसिसचं पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त त्या बारीक नळीची भिंत. त्यामुळं तिथं चूक चालत नाही.

मी तीन आठवडे त्या खोलीत अक्षरशः राहिले. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. टँकर आला नाही तर हाताशी असावं म्हणून गावाबाहेरच्या एका डाळिंबाच्या बागेतल्या विहिरीचंही पाणी तपासून घेतलं. अहवाल चांगले आले. मग पेशंटशिवाय मशीन चालवून बघितलं. पंप फिरला, पडद्यावर आकडे हिरवे झाले, अलार्म वाजवून बघितले, बंद करून बघितले. रिकाम्या खोलीत मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सुरुवात मंगळवारी करायची ठरली आणि पहिलं नाव अर्थातच मावशींचं. शुक्रवारचं डायलिसिस मिरजेला झालं होतं, पुढचं इथं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता रुग्णालयाच्या आवारात अर्धं गाव! मांडव, सतरंज्या, पेढ्यांचे खोके. मावशी नव्या लुगड्यात आल्या, सोबत जावा, भाच्या, शेजारणी, मोजून नऊ जणी. चार वर्षं ही बाई एकटी एसटीत बसत होती. आज वरात होती. साताऱ्याचे डॉक्टर आले. गावातल्या सगळ्यात वयस्कर आजींच्या हातून नारळ फुटला. मी वजन केलं: शुक्रवारपेक्षा तीन किलो जास्त. सगळं अंगात साठलेलं पाणी. पाय सुजलेले, चढून आल्यामुळं किंचित धाप. पण डोळे असे चमकत होते!

"चल, लाव," मावशी म्हणाल्या.

"पाणी तपासते आणि लावते."

रोजचंच काम. छोट्या काचेच्या बाटलीत कार्बनमधून आलेलं पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी चुरून टाकायची, हलवायचं, थांबायचं. पाणी नितळ राहिलं की क्लोरीन नाही. तीन आठवडे नितळच राहिलं होतं.

ते गुलाबी झालं.

मला वाटलं, बाटली नीट धुतली नसेल. दुसरी घेतली. गुलाबी. पुढं जाऊन आरओचं शुद्ध पाणी घेतलं. त्यातही छटा. जिना चढून छतावर गेले, टाकीचं झाकण उघडलं आणि नाकात असा वास घुसला की डोळ्यांतून पाणी आलं.

खाली गावचे पाणी सोडणारे अण्णा उभे होते. साठीचे, धोतर-टोपी, आज टोपी कोरी करकरीत. मी विचारलं, "अण्णा, टाकीत काय टाकलंत?"

अण्णांची छाती फुगली. "टीसीएल पावडर, पानी साफ करायची! दरयेळेपरीस चार डबं जादा टाकली पहाटं. म्हनलं, पयला दिवस हाय, रगाताचं काम हाय, पानी कसं एकदम झ्याक पायजे."

मला हसावं की रडावं कळेना. त्या भल्या माणसानं मनापासून केलं होतं. कोळशाची टाकी नेहमीचं क्लोरीन धरते, पण एवढ्या पावडरीपुढं तिचं काय चालणार? मी त्यांना म्हटलं, "अण्णा, पोटात गेलं तर फार काही होत नाही. पण हे रक्ताजवळ गेलं तर रक्ताचे कण फुटतात. माणूस जातो."

"आता काय करू त्ये सांग," अण्णा म्हणाले.

ट्रस्टचे सचिव धावत आले. बाटली हातात घेऊन म्हणाले, "थोडीशीच तर छटा आहे. पाहुणे बसलेत. चालणार नाही का?"

"नाही चालणार," मी म्हटलं. माझा आवाज माझा मलाच मोठा वाटला. मी सव्वीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. मी डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टर बाटलीमागं पांढरा कागद धरून बघत होते. म्हणाले, "पाण्याचं ती सांगेल तेच." आणि माझ्याकडं वळून, "किती वेळ लागेल?"

"टाकी पूर्ण रिकामी करायची, विहिरीचं पाणी भरायचं, कोळशाची टाकी उलटी धुवायची, सॉफ्टनरला मीठ द्यायचं, आरओची टाकी आणि नळ्या सगळ्या धुऊन काढायच्या. चार-पाच तास, सर. अंदाज आहे."

त्यांनी मावशींची छाती तपासली, कार्डिओग्राम काढला, रक्तातलं पोटॅशियम बघितलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं, "दोनपर्यंत थांबू शकतो. दोनला पाणी नितळ नसेल तर ॲम्ब्युलन्सनं मिरज. ॲम्ब्युलन्स आत्ताच दारात लावा."

मावशी कॉटवर मांडी घालून बसल्या. "मी कुटं जात न्हाई. पोरी, तू तुजं काम कर."

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पाच हजार लिटर पाणी ओतून टाकायचं, माणात, मे महिन्यात! मी नळ सोडायला हात पुढं केला तर नऊच्या नऊ जणी ओरडल्या, "थांब!" पाच मिनिटांत हंडे, घागरी, बादल्या, प्लास्टिकची पिंपं आली. समारंभाला आलेल्या बायका पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. मी ओरडून सांगत होते, "प्यायचं नाही! जनावरांनाही नाही! धुण्याला घ्या, उन्हात उघडं ठेवा, वास जाऊ द्या!" आणि रांगेतली प्रत्येक जण मागचीला तेच ओरडून सांगत होती. मांडवातले पुरुष आधी बघत राहिले, मग पेढ्यांचे खोके बाजूला ठेवून तेही लागले. पिंपं उचलून ट्रॅक्टरवर. एक थेंब गटारात गेला नाही.

अण्णा तोवर टँकर घेऊन विहिरीकडं गेले होते. जाताना त्यांनी मला पावडरीचा डबा आणून दिला, "ह्यो तुज्याजवळ ठिव" म्हणाले.

मी पाण्याच्या खोलीत. कोळशाच्या टाकीत पाणी उलटं सोडलं, काळं पाणी भसाभसा बाहेर आलं. सॉफ्टनरला मीठ. विहिरीचं पाणी जड, क्षाराचं, त्यामुळं मीठ जरा जास्तच. आरओची टाकी रिकामी, परत भरली, परत रिकामी. गुडघ्यापर्यंत भिजलेले, केस सुटलेले, पण हात असे चालत होते की मिरजेतल्या सगळ्या शिफ्टा एकत्र करून कुणी माझ्यात भरल्यासारखं वाटत होतं.

साडेबाराला बाटली. फिकट गुलाबी. आधीपेक्षा कितीतरी फिकट, पण गुलाबी.

दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

पुन्हा धुतलं. पुन्हा सोडलं. नळीच्या टोकापर्यंत सगळं. एक वाजून वीस मिनिटांनी मी परत बाटली भरली, गोळी चुरली, हलवली. डॉक्टरांनी कागद धरला. मी घड्याळ बघत होते, ते बाटली. वेळ पुरा झाला. पाणी नुसतं पाणी होतं. नितळ. मी आरओचं घेतलं. नितळ. मशीनला जोडणाऱ्या नळीचं घेतलं. नितळ!

"अजून एकदा," डॉक्टर म्हणाले. नितळ. मग त्यांनी स्वतः जाऊन ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगितलं, "गाडी बाजूला घ्या." आवारात आरोळी उठली ती पार एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेली असेल.

मशीन लावलं. डायलायझर आणि नळ्या सलाइननं भरून घेतल्या, एकही हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून डायलायझर तळव्यानं थापटून थापटून. पडद्यावर आकडे हिरवे झाले. मावशींच्या हातावर बोट ठेवलं. थरथर जोरात.

"येवडी का थांबलीस?" मावशी म्हणाल्या. "मिरजंला कदी थांबली न्हाईस. टोच."

पहिली सुई. दुसरी सुई. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. पंप सुरू केला. रक्त नळीत शिरलं, पुढं सरकलं, डायलायझरच्या तोंडाशी आलं आणि वरून खाली तो सगळा लाल होत गेला. मी हे शेकडो वेळा बघितलं होतं. तरी असं वाटलं की आत्ताच कुणीतरी पहिल्यांदा हे शोधून काढलंय. दुसऱ्या नळीतून रक्त परत मावशींकडं निघालं. ना अलार्म, ना काही. पंपाची एकसारखी घरघर फक्त.

तेवढ्यात दाराच्या काचेपाशी एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. मावशींचे यजमान. मुंबईहून निघाले होते, गाडी उशिरा पोचली. चार वर्षांत त्यांनी बायकोचं डायलिसिस कधी बघितलं नव्हतं. सुट्टी मिळायची तेव्हा वार जुळायचा नाही, आणि मावशी कधी या म्हणाल्याच नाहीत. डॉक्टरांनी त्यांना मास्क लावून आत घेतलं.

ते कॉटपासून दोन हात लांबच थांबले. लाल नळ्यांकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आगं, ह्ये समदं रगात भाईर हाय?"

"समदं कुटलं? वाटीभर. बाकीचं आत हाय." मावशींनी मोकळ्या हातानं खुणावलं. "हिकडं या. घाबरू नगा. ही नळी हाय न्हवं, हितनं रगात जातं. ह्या नळकांड्यात केसावानी नळ्या हायती, हजारानं. रगात आतनं, पानी भाईरनं, उलटं. घाण पान्यात उतरती. आन् ह्ये हितं बुडबुडा आला तर मशीनला कळतंय, ती वरडती आन् थांबती. आन् ह्यो आकडा बगा, तीन किलोतलं किती पानी वडलं त्ये हितं दिसतंय."

मी आणि डॉक्टर नुसते ऐकत होतो. मी शिकवलं होतं त्यापेक्षा त्यांनी सोपं करून सांगितलं. त्या माणसाचे खांदे हळूहळू खाली आले. ते स्टुलावर बसले, बायकोचा मोकळा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तू ह्ये एकटी करत व्हतीस?"

"एकटी कुटली? ही पोरगी हुती की," मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, तोंड भिंतीकडं करून, "तुमी आलासा ते बरं केलंसा."

मी रक्तदाब मोजायच्या निमित्तानं खाली बघितलं. दर अर्ध्या तासाला मोजायचा असतोच, पण तेव्हा पंधरा मिनिटांतच परत मोजला.

सहाच्या सुमाराला रक्त परत अंगात सोडलं, सुया काढल्या, बोळे दाबून धरले. वजन तीन किलोनं कमी. मावशी कॉटवर पाय सोडून बसल्या, उभ्या राहिल्या, चक्कर नाही. बाहेर उन्हं अजून तिरकी होती. त्या चपला घालून दाराशी आल्या आणि एकदम थांबल्या. रस्त्याकडं बघत राहिल्या.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाई गं. आता मला पळत स्टँडावर जायाचं हाय आसं वाटलं. मग ध्येनात आलं, घर त्ये काय समोर दिसतंय." आणि त्या हसत सुटल्या, यजमानही हसले, सगळ्या नऊ जणी हसल्या. मग ती वरात चालत निघाली.

मी घरी फोन लावला. काय बोलले ते धड आठवत नाही. वडील दुसऱ्या टोकाला "सावकाश, सावकाश सांग" म्हणत होते आणि मी नुसती ओरडत होते, "चाललं, दादा! चाललं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कुलूप काढायला गेले तर पायरीवर शेजारच्या गावचं एक म्हातारं जोडपं बसलेलं. आजोबांच्या मनगटावर फिस्तुल्याची जुनी खूण, आजींच्या मांडीवर फायलींची पिशवी. आजी उठून उभ्या राहिल्या.

"बाई, हितंच व्हतंय म्हणं डायलिसिस?"

"हो, आजी. इथंच होतंय. या, आधी आजोबांचं वजन करू."